चोर स्विच

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकवा. कोपऱ्यात, मोडक्या एअर कूलरच्या आणि लहान झालेल्या सायकलींच्या मागे, एक बाइक हमखास सापडते. अंगावर फाटकं कव्हर, दोन्ही टायर बसलेले, आरशांवर कबुतरांची कृपा! ती कुणाची, हे वॉचमनला माहीत असतं. का उभी, हे विचारलंत तर उत्तर ठरलेलं... 'स्टार्टच होत नाही हो ती.'

आता बाइक स्टार्ट न होण्याची कारणं तशी मोजकीच. इंजिनाला पेट्रोल हवं, हवा हवी आणि नेमक्या वेळेला ठिणगी हवी. तिघांपैकी एक जरी गैरहजर असला तर तुम्ही किक मारून मारून पोटरी फुगवलीत तरी उपयोग नाही. पण 2000 नंतरच्या कितीतरी बाइक्समध्ये या त्रिकुटात एक चौथा भिडू आला. त्याचं कामच मुळी गाडी स्टार्ट होऊ न देणं. भारदस्त नाव आहे, इमोबिलायझर. तरुण असतो तोवर तो इमानदार असतो. म्हातारा झाला की त्याला चोर कोण आणि मालक कोण, हेच कळेनासं होतं. मग तो दोघांनाही सारखाच वागवतो. म्हणजे अडवतो!

मोठ्या, महागड्या बाइक्समध्ये हा प्रकार कंपनीतूनच येतो. फंडा सॉलिड आहे. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी चिप असते. तिला बॅटरी-बिटरी काही नसते. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं दडवलेलं असतं. चावी फिरवली की ते वेटोळं हवेतूनच चिपला घोटभर वीज पाजतं, चिप आपला नंबर सांगते आणि गाडीचा कॉम्प्युटर तो नंबर त्याच्या यादीशी ताडून पाहतो. जुळला तर ठिणगी मिळणार, पेट्रोल मिळणार. नाही जुळला तर स्टार्टर घरघरत राहील, इंजिन ढिम्म. होंडाच्या मोठ्या बाइक्सवर याला एचआयएसएस म्हणतात. यामाहाच्या अनेक मॉडेल्सना दोन काळ्या चाव्या आणि एक लाल चावी मिळते. लाल चावी रोज वापरायची नसते, नवीन चाव्यांची नोंद करायला ती कपाटात जपून ठेवायची असते. अर्थातच लोक तीच हरवतात. आणि होंडाच्या सगळ्या चाव्या हरवल्या, तर पूर्वीच्या सिस्टिममध्ये थेट कॉम्प्युटरच बदलायची वेळ यायची. चावीपेक्षा मेंदू बदलणं सोपं, असा हा न्याय.

काम मात्र हा इमोबिलायझर चोख करतो. युरोपात 1998 पासून नव्या कार्सना तो सक्तीचा झाला. फान ऑर्स आणि व्होलार्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधल्या चोऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा 1995 ते 2008 या काळात कारचोरीचं प्रमाण या उपकरणामुळे सरासरी 40 टक्क्यांनी खाली आल्याचं त्यांना दिसलं. त्यांचा पेपर 2016 मध्ये आला. बटाट्याएवढाल्या कुलपांनी जे जमलं नाही, ते तांदळाच्या दाण्याने केलं!

आपल्या रोजच्या बाइक्सना ही चैन कुठली? आपल्याकडे हँडल लॉक. त्याला एक सणसणीत झटका दिला की 'कट' आवाज येतो आणि गाडी चोराची. म्हणून मग बाजार मदतीला धावला. आठवतायत का ते दिवस? पहिला पगार, पहिली बाइक आणि पहिल्याच रविवारी ॲक्सेसरीजच्या दुकानात हजेरी. सीट कव्हर, लेग गार्ड आणि... रिमोटवाला सायरन! हॉटेलसमोर गाडी लावून, पाठ फिरवून, मागे न बघता रिमोट दाबायचा. 'टुइक'. इंडिकेटर एकदा लुकलुकायचे. त्या एका 'टुइक'मध्ये जेवढी ऐट होती तेवढी आजच्या कुठल्याही ॲपमध्ये नाही, हे माझं ठाम मत आहे. वर कारण द्यायला विम्याची सवलतही होती. 2002 च्या मोटर टॅरिफमध्ये एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर प्रीमियमच्या ओन डॅमेज भागावर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट मिळायची. एआरएआय म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरची तीच संस्था, जिच्या नावाने अख्खं कोथरूड सकाळी 'एआरएआय टेकडी'वर फिरायला जातं. दुकानातले सगळेच सायरन त्यांनी पास केलेले होते असं मात्र समजू नका. बरेचसे डबे रामभरोसे होते.

या डब्याच्या पोटात एक रिले असतो. बाइकच्या इग्निशनची वायर मधेच कापतात आणि तिची दोन्ही टोकं या रिलेतून नेतात. रिमोटने लॉक केलं की रिले वाट बंद करतो, अनलॉक केलं की उघडतो. म्हणजे तुमच्या इंजिनाची ठिणगी, मुळात कंपनीने काळजीपूर्वक आखलेल्या रस्त्याने जात होती, ती आता पाच-दहा रुपयांच्या एका टपरीवजा टोलनाक्यातून जाणार. नाकेवाला झोपला की वाहतूक ठप्प.

माझ्या मामाच्या बाइकवर असला एक टोलनाका होता. निदान आम्हाला एकच आहे असं वाटत होतं.

बाइक पल्सर 180, काळी, 2007 ची. पल्सर बजाजने 2001 मध्ये आणली आणि 2003 मध्ये तिला प्रत्येक सिलेंडरला दोन प्लगवालं डीटीएस-आय इंजिन दिलं. जाहिरातीत तिला 'डेफिनिटली मेल' म्हणायचे. मी याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेले आणि पुढे गिअरची गाडी शिकले तीही हिच्यावरच, त्यामुळे जाहिरातवाल्यांना माझा सप्रेम नमस्कार. मामाची आधीची बाइक स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरून 2006 मध्ये चोरीला गेली होती. कर्जाचे हप्ते चालू, गाडी गायब. तो ते कधी विसरला नाही. नवी गाडी घरी आली त्याच आठवड्यात तिला सायरन बसला.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मामाने ती कव्हर घालून उभी केली. 2021 मध्ये मामा गेला. गाडी तशीच.

यंदा त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेरीपर्यंत पार्किंग रिकामं करा, अशी नोटीस लागली आणि दुसऱ्याच दिवशी भंगारवाला हजर. म्हणाला, पाच हजार देतो, उचलून मीच नेतो. मामेभाऊ कॅनडात. तो फोनवर म्हणाला, 'देऊन टाक ना आई, कोण चालवणारे?' मामी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मला म्हणाली, 'अगं, एकदा चालू होते का बघ. मग काय ते ठरवू.' हातात 17 दिवस होते.

जुनी गाडी जागी करताना पहिला मोह होतो तो किक मारायचा. तो आवरायचा. पाच वर्षं उभ्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल कधीच खाली उतरलेलं असतं. कोरडं इंजिन फिरवलं तर पिस्टनच्या रिंगा भिंती खरवडतात. म्हणून आधी दोन्ही प्लग काढले, भोकांतून सिरिंजने थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, एक रात्र मुरू दिलं. सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवलं. थोडं कण्हली, पण फिरली. म्हणजे इंजिन जाम नव्हतं. हा अर्धा गड. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं तर रंग चहाचा आणि वास जुन्या वॉर्निशचा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. पाच पावसाळे झेललेलं ते पेट्रोल इंजिनाला पाजणं म्हणजे विषप्रयोगच. ते सगळं बाहेर काढलं.

बॅटरी तर अर्थातच मेलेली. नवी आणली. तिची दुसरी वायर जोडली मात्र... सायरन! पाच वर्षं साठवून ठेवलेली किंचाळी एकदम सुटावी तसा. चारही मजल्यांच्या बाल्कन्या भरल्या. ज्या सोसायटीत जिना उतरताना कुणी कुणाकडे बघत नाही, तिथे मला दोन मिनिटांत 11 सल्ले मिळाले. वायर काढली, शांतता.

असं का होतं? कारण यातले बरेच डबे वीज जाऊन परत आली की लॉक झालेल्या अवस्थेतच जागे होतात. त्यामागे तर्क आहे. चोराने बॅटरी काढून परत लावली तर सायरन गप्प बसून कसं चालेल? डब्याच्या मते बॅटरीला हात लावणारी मी चोर होते. आता रिमोट हवा. तो मामीने अर्ध्या तासात शोधला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या चष्म्यांच्या आणि परदेशी नाण्यांच्या सोबतीला. आतला सेल फुटून हिरवा झालेला. हा घड्याळाचा चपटा सेल नव्हे बरं का. हा करंगळीच्या पेराएवढा, 12 व्होल्टचा, 27ए नावाचा. पहिल्या दोन दुकानांत मला टीव्हीच्या रिमोटचे सेल दाखवले, तिसऱ्यात मिळाला. कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर लावून रिमोटमधले पत्रे घासले, सेल टाकला, बटण दाबलं. 'टुइक टुइक'. मामी जिन्यात उभी होती, ती काही न बोलता वर निघून गेली.

मला वाटलं, झालं! चावी फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. सेल्फ मारला, इंजिन फिरलं. पण पेटेना. प्लग बाहेर काढून, वायरला जोडून, इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारला. ठिणगी नाही. दुसरा प्लग, तोही अंधारात.

गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडीकडे लांबूनच पाहिलं आणि निदान दिलं, 'सीडीआय गेला मॅडम. अडीच-तीन हजार. त्यापेक्षा भंगारात द्या.' मेकॅनिक मंडळींमध्ये 'सीडीआय गेला' हे वाक्य म्हणजे डॉक्टरांचं 'व्हायरल आहे'. कधी कधी ते खरंही असतं. पण त्याने ना मीटर लावला, ना बल्ब. आणि मला एक गोष्ट खटकत होती. दोन प्लग, दोन कॉइल, दोघंही एकाच दिवशी वारले? दोन दिवे एकदम गेले की आपण बल्ब बदलतो का? आधी मेन स्विच बघतो ना! म्हणजे लोचा वरच्या अंगाला होता, जिथून दोघांना वीज येते तिथे. हँडलवरचा लाल किल स्विच हा पहिला संशयित. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून 50 वेळा इकडून तिकडे केला. त्याचा दोष नव्हता. मग दोन वायरी लावलेला इंडिकेटरचा साधा बल्ब घेतला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सीडीआयच्या कपलरमध्ये जिथे वीज यायला हवी तिथे. चावी ऑन. बल्ब काळा ठिक्कर. सीडीआय बिचारा उपाशी बसला होता आणि आपण त्याचा मृत्यूचा दाखला काढत होतो.

इथून पुढे माझी अक्कल संपली आणि मी नाना पेठेत गेले. दुचाकीचे स्पेअर पार्ट म्हटलं की पुण्यात पाय तिकडेच वळतात. तिथल्या एका दुकानदाराने एका ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांचा नंबर दिला. वय साठीच्या पुढे, स्कूटरवर एक रेक्झिनची पिशवी, एवढंच वर्कशॉप. चाचा आले आणि त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल? आरसी बुक! मग वाकून चासी नंबर रुमालाने पुसला, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला. मग विचारलं, 'हे नाव कुणाचं? घरचं कुणी आहे का?' मामी खाली आल्यावरच त्यांनी पिशवी उघडली. म्हणाले, 'लॉक तोडायचं काम आहे बेटा. आधी विचारून घेतलेलं बरं.' जो इलेक्ट्रिशियन कागद न बघता तुमचं लॉक डायरेक्ट करून देतो, तो उद्या दुसऱ्या कुणाला तुमचंही करून देईल. चाचांचं ते पहिलं वाक्य ऐकलं आणि मी निर्धास्त झाले.

सायरनचा डबा त्यांनी पाच मिनिटांत शोधला. त्याच्यात जाणारी वायर आणि बाहेर येणारी वायर सोलून दोन्ही एकमेकींना जोडली. याला म्हणतात डायरेक्ट करणं. बल्ब लावला. डब्याच्या पुढे वीज आली! सीडीआयपाशी बल्ब लावला. नाही आली.

चाचा मांडी घालून बसले. बराच वेळ नुसतेच वायरिंगकडे बघत होते. मग म्हणाले, 'याच्या आधी यांची गाडी चोरीला गेली होती का?'

मी थक्क! तुम्हाला कसं कळलं?

'एकदा गाडी गेलेला माणूस एका कुलपावर थांबत नाही. चोर स्विच असणार.'

नव्या पिढीसाठी सांगते. चोर स्विच म्हणजे चोराचा नव्हे, चोरासाठीचा स्विच. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून गाडीच्या अंगावर कुठेतरी गुपचूप बसवून घेतलेलं एक चिमुकलं बटण. ते बंद केलं की चावी असूनही गाडी चालू होत नाही. ना चिप, ना कॉम्प्युटर, ना रिमोट. सगळी सुरक्षा एकाच गोष्टीवर, की बटण कुठे आहे हे फक्त मालकाला ठाऊक. तंत्रज्ञान म्हणून पाहिलं तर हास्यास्पद आहे. पण चोराकडे वेळ नसतो, त्यामुळे चालतं. अडचण एकच. मालकच नसला तर?

चाचांनी टेप गुंडाळलेलं वायरिंग चाचपायला सुरुवात केली. सीटखाली नाही. हेडलाइटच्या मागे नाही. टूल बॉक्समध्ये नाही. बसवणाऱ्याने जीव ओतून लपवला होता. अख्खं वायरिंग उकलायचं तर दोन दिवस, आणि जुन्या वायरी तुटल्या तर आणखी भानगडी. चाचांनी सरळ नवीन वायर ओढून सगळंच डायरेक्ट करायचा पर्यायही सांगितला. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, 'स्विचबिच मला काही माहीत नाही बाई. हे निघताना गाडीच्या पाया तेवढे पडायचे.'

आम्ही दोघं तिच्याकडे बघायला लागलो.

'म्हणजे वाकून हात लावायचे, मग छातीला लावायचे. रोज. मी हसायचे, की देवाला नाही कधी हात जोडत आणि गाडीच्या पाया पडता! परत आल्यावरसुद्धा पडायचे.'

चाचांनी कप खाली ठेवला. 'ताई, कुठल्या बाजूला उभे राहून?'

मामीने ट्रे माझ्या हातात दिला. गाडीशेजारी जाऊन उभी राहिली. क्षणभर थांबली, मग दुसऱ्या बाजूला गेली. वाकली. तिचा हात ज्या जागी गेला तिथे चाचांनी बोट घातलं आणि हसले.

नेमकी जागा मी छापणार नाही. गाडी अजून पुण्यातच आहे.

रबराच्या एका तुकड्याआड लपवलेला, डाळिंबाच्या दाण्याएवढ्या दांडीचा स्विच होता तो. ऑफ होता. शेवटची गाडी लावतानाही मामाने न चुकता तो बंद केला होता. चाचांनी ऑन केला, तरी बल्ब लागेना. मीटर लावून पाहिला तर आतले पत्रे गंजून गेलेले, वरची दांडी फक्त कट-कट करण्यापुरती. म्हणजे मामीला जागा आधी आठवली असती तरी गाडी चालू झाली नसती आणि स्विच नसून बिघाड दुसरीकडेच आहे असं समजून आम्ही पुढे भटकत बसलो असतो. दोन कुलपं, दोन्ही म्हातारी, एकाचं तोंड बंद केलं तर दुसरं अडवून उभं. 'स्टार्टच होत नाही'च्या कितीतरी केसेस अशाच असतात. एक बिघाड दुसऱ्याच्या मागे लपतो. म्हणून एकेक वायर धरून, बल्ब पेटतो की नाही हे बघत बघत पुढे जाणं, याला पर्याय नाही. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्याला हा खेळ जाम महाग पडतो.

स्विचची दोन टोकं जोडली. सेल्फ मारला. प्लगच्या टोकावर 'टिक टिक टिक', निळी, जाडसर ठिणगी. दुसऱ्यावरही! तीन हजारांचा 'गेलेला' सीडीआय ठणठणीत होता.

बाकीचं काम कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगते. कार्बोरेटर खाली उतरवला. त्याच्या वाटीत तपकिरी चिकट साय जमली होती, आणि पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल जिथून जातं ते केसाएवढं भोक, ठार बंद. जेटमध्ये पिन घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा आणि हवा मारा. पेट्रोलची रबरी नळी दाबली तर बिस्किटासारखी मोडली, ती नवी घातली. एअर फिल्टर नवा, इंजिन ऑइल नवं, प्लग दोन्ही नवे. दोन लिटर ताजं पेट्रोल.

चाचा मला म्हणाले, 'तू मार.' चोक ओढला. पहिला सेल्फ, काही नाही. दुसरा, एक खोकला. तिसऱ्याला ती पेटली. आधी पांढरा धूर, ते सिलेंडरमध्ये आम्हीच सोडलेलं तेल जळत होतं. मग हळूहळू तो ओळखीचा आवाज, भरड, थोडा घोगरा. मामीने फोनवर कॅनडा लावला होता. तिथे रात्रीचे दोन वाजले असतील. तिने फोन सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग भाऊ म्हणाला, 'हॉर्न वाजतो का गं?' वाजवला. 'हं,' म्हणाला. 'नको देऊ ती.'

सायरनच्या डब्याचं काय करायचं, यावर माझा आणि चाचांचा वाद झाला. मला तो 'टुइक' हवा होता. चाचा म्हणाले, हा डबा आज चालला, उद्या सिग्नलला बंद पडेल तेव्हा मला फोन करू नको. त्यांनी तो काढला, कापलेली वायर झाळून, वरून स्लीव्ह चढवून पूर्ववत केली. चोर स्विच मात्र ठेवला, नवा, पाण्यापासून बंद असलेला, त्याच जागी. माझंही मत शेवटी तेच पडलं. साध्या कुलपाचा बिघाड साधा असतो, तो बल्बच्या उजेडात दिसतो. आणि आता त्या स्विचची जागा तीन माणसांना माहीत आहे. तुमच्या घरात असली एखादी बाइक असेल, तर गाडी घेणारे काका, बाबा, आजोबा जे कोण असतील त्यांना आज जेवताना विचारा. 'यात काही बसवून घेतलं होतं का हो?' उत्तरं ऐकून चाट पडाल.

चालू झाली म्हणजे रस्त्यावर आली असं नाही, हेही सांगायला हवं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे हिची 2022 मध्येच संपली. शिवाय आरसीवर मामाचं नाव. त्यामुळे आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या, म्हणजे मामीच्या नावावर करायची. फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. गाडी इन्स्पेक्टरला दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असल्यामुळे नवी एचएसआरपी नंबरप्लेटही आली. नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 300 वरून 1,000 रुपये झालं, उशिराचा दंड वेगळा. इन्शुरन्स आणि पीयूसी आहेतच. हे सगळं होईपर्यंत तिच्यावर बसून लक्ष्मी रोडला चक्कर मारायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. म्हणून नोटिशीच्या तारखेच्या चार दिवस आधी आम्ही तिला छोट्या हत्तीत चढवून माझ्या बिल्डिंगमध्ये आणली. भंगारवाला तेव्हा गेटपाशीच होता. त्याने दोर बांधायला मदत केली आणि जाताना सात हजार म्हणाला.

चाचांचं बिल 900 रुपये झालं, चहा वेगळा. काढलेला डबा आणि त्याचा रिमोट त्यांनी पिशवीत घालून परत दिला. डबा मी टाकून दिला. रिमोट मामीने भाड्याच्या घरी नेलाय, नव्या सेलसकट. कशाला, ते मी विचारलेलं नाही.